जोड्यांचा हिशेब

संग्रहालयाचा माणूस काल पुन्हा आला.
म्हणाला, राडोये आजोबा,
राणी स्तामेनाचे जोडे तुमच्याकडे आहेत म्हणे.
माझ्या तोंडात खिळे होते.
तोंडात खिळे असले की उत्तर द्यावं लागत नाही.

लग्नातले तिचे जोडे माझ्या बापानं शिवले,
पांढरं रेशीम, टाचेला चांदीची तार.
परत आले तेव्हा तळवे कोरे.
चर्चच्या पायरीपासून बग्गीपर्यंत,
बग्गीपासून महालाच्या जिन्यापर्यंत,
एवढंच चालली होती, एकोणीस वर्षांची.
बाप म्हणाला, हिच्यावर आपलं पोट भरायचं नाही.

मग टायफसचा हिवाळा आला.
बिस्त्रा नदीकाठच्या तबेल्यांत
गवतावर ओळीनं माणसं,
सैनिक, कैदी, आमचे, त्यांचे.
त्या वर्षी तिचे तळवे चारदा बदलले.
शिवणीत चुना, चुन्यात मेलेल्या उवा,
आणि डाव्या चवड्याचं चामडं नेहमी आधी फाटलेलं.
मी चौदा वर्षांचा, नवशिका. मला कळेना.
बाप म्हणाला, वाकून बसते रे ती उशाशी,
सगळा भार डाव्या चवड्यावर टाकून,
तासन्‌तास.

राणीनं दवाखान्यासाठी जोडे झिजवले,
असं लोक म्हणतात. बोलायला बरं वाटतं.
मी मोजलेत. सतरा तळवे, नऊ टाचा,
वहीत तारखांसकट.
कोळसेवाल्याच्या दारी, बिशपच्या दारी,
मंत्र्याच्या दारी तर तीनदा, आणि पावसात,
कारण तिसऱ्या खेपेला वाद्या फुगून आल्या होत्या.
एकदा सहा दिनार कमी पडले,
तिनं अंगठी काढून गल्ल्यावर ठेवली.
बापानं ती परत केली
आणि वहीत लिहिलं: राणी, सहा, उधार.

पुढं एकदा म्हणाली,
मला मेंढपाळणी घालतात तसे ओपांक करून दे,
नाक वर वळलेले, मऊ तळाचे.
या जोड्यांचा आवाज होतो रे,
रात्री वॉर्डातली मुलं दचकतात.
माझं ते पहिलं एकट्यानं केलेलं काम.
दुसऱ्याच दिवशी ती दारात:
डाव्या करंगळीला चावतात.
साचा बदलला. तरी चावले.
तसेच घातले तिनं, बारा वर्षं.

मग राज्य गेलं.
ओपांक माझ्याकडे दुरुस्तीला होते त्या रात्री,
ती दासीचे बूट घालून सीमेपार गेली.
कुठल्याशा परक्या शहरात, भाड्याच्या खोलीत वारली.
आम्हाला पाच महिन्यांनी कळलं,
तेही एका मीठवाल्याकडून.
मेलेल्यांसाठी गहू शिजवायला तेव्हा बंदी नव्हती,
नाव घेऊन शिजवायला मात्र काळीज लागायचं.
त्या शनिवारी आख्ख्या वृबोवित्सात
गव्हाचा आणि साखरेचा वास.
कोणासाठी, विचारलं तर बायका म्हणायच्या,
होती एक लांबची आत्या.

दवाखान्याला आता नुसता आकडा आहे. तीन.
कमानीवरची अक्षरं छिन्नीनं उडवली,
खिळ्यांची भोकं उरली, त्यांत माश्या झोपतात.
बसचा कंडक्टर, ज्याचा जन्म त्यानंतरचा,
रोज सकाळी ओरडतो:
राणीचा दवाखाना, उतरा, राणीचा दवाखाना!

संग्रहालयाचा माणूस सांगत होता,
काचेची पेटी, खाली दिवा, पितळेची पाटी.
आधी तेवढे चकाचक करून द्या.
मी खिळे हातावर थुंकले
आणि म्हटलं, हरवले. पुरात.

ओपांक यागोदाच्या पायांत आहेत,
रात्रपाळीची नर्स, मुलांचा वॉर्ड.
इतकी वर्षं दर हिवाळ्यात मी त्यांना चरबी चोळली,
आता अठरावा तळवा घातला.
माप तंतोतंत.
आज पहाटे ती दुकानात आली, जरा अवघडून.
काका, बाकी झकास आहेत,
मुलं जागी होत नाहीत,
फक्त डाव्या करंगळीला चावतात.

मी चष्मा शोधला,
वही उघडली, तारीख घातली.